पुढचा एक दात, मागचे तीन

"मागचं स्प्रॉकेट लहान केलं तर गाडीचा टॉप वाढेल का? गॅरेजवाले म्हणतात वाढेल, मित्र म्हणतो फक्त पिकअप जाईल." इंजिनिअरिंगला असलेल्या एका वाचकाचा हा प्रश्न. उत्तर असं, की बहुतेक गाड्यांचा टॉप त्याने वाढत नाही, पुष्कळदा कमीच होतो. आणि काही गाड्यांचा तर नेमका उलट उपायाने, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट लहान केल्यावर वाढतो. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना चुकीची वाटते. म्हणून आकडेच मांडू या.

समजा, दीडशे-एकशेसाठ सीसीची गाडी आहे. मागच्या चाकापर्यंत पोचणारी जास्तीत जास्त ताकद १५ अश्वशक्ती आणि ती मिळते ८,५०० आरपीएमला. पुढे १४ दाते, मागे ४२, गुणोत्तर बरोबर ३. या जोडीवर टॉप गिअरमध्ये ८,५०० आरपीएमला गाडी ताशी १२५ किलोमीटरने पळते. सपाट रस्ता, वारा नाही, चालक टाकीवर आडवा झालेला. या वेगाला हवा आणि टायर मिळून जी ताकद मागतात तीही नेमकी १५ अश्वशक्ती आहे, असं धरू. मागणी आणि पुरवठा इथे जुळले, इंजिन आपल्या जोराच्या शिखरावर आहे. यापेक्षा चांगली जोडी या गाडीला मिळणार नाही.

आता पुढे १५ दाते बसवले. गुणोत्तर २.८ झालं. कागदावर ८,५०० आरपीएमला वेग येतो १३४, आणि गॅरेजमधला सल्ला याच कागदावर थांबतो. पण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्या रोधातून वाट काढायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. वेग ७ टक्के वाढवायचा तर ताकद सुमारे २३ टक्के जास्त हवी, म्हणजे साडेअठरा अश्वशक्ती. ती आणायची कुठून? स्प्रॉकेटमध्ये एकही अश्वशक्ती नसते. गाडी १२२ च्या आसपास अडकते आणि इंजिन ७,७०० वर कुंथत राहतं. तिथे त्याच्याकडे द्यायला जेमतेम १४ अश्वशक्ती असतात. गिअरची सायकल वाऱ्याच्या तोंडी सर्वांत जड गिअरवर टाकून पाहिलेल्या कुणालाही हे पायांनी कळलेलं असतं. पाय फिरेनासे होतात, तेव्हा गिअर एक घर हलका केला की सायकल उलट जोरात पळते.

दुसऱ्या टोकाला पुढे १३ दाते लावले, तर ८,५०० ला गाडी ११६ वरच येते. १२५ गाठायला ९,१५० आरपीएम लागतील आणि तोवर शिखर ओलांडून इंजिनचा जोर ओसरू लागलेला असेल. दोन्हीकडे उतारच. स्प्रॉकेटने वेग निर्माण होत नाही. हवेने आणि इंजिनने मिळून जो वेग ठरवला आहे, तो वाया जाऊ नये एवढंच स्प्रॉकेटच्या हातात असतं.

पुढचा एक दात मागच्या तीन दातांच्या तोलाचा असतो, हे मेकॅनिक मंडळींचं सूत्र याच आकड्यांतून निघतं. १५ ला ४२ म्हणजे २.८० आणि १४ ला ३९ म्हणजे २.७९. म्हणून बारीक जुळवणी मागच्या चाकावर करतात. तिथला एक दात इकडचा तिकडे झाला की फरक पडतो सव्वादोन-अडीच टक्क्यांचा, आपल्या गाडीत २०० आरपीएमचा. शक्तीच्या आलेखाचा माथा सहसा टोकदार नसतो, पसरट असतो. त्यामुळे मागच्या एखाद्या दाताच्या चुकीने फारसं बिघडत नाही.

मग पुढचं स्प्रॉकेट लहान केल्यावर टॉप वाढतो तो कुठल्या गाड्यांचा? ज्यांचा शेवटचा गिअर कंपनीने हायवेवर पेट्रोल आणि आवाज वाचवण्यासाठी मुद्दाम लांब, म्हणजे कमी आरपीएमला जास्त वेग देणारा, ठेवलेला असतो त्यांचा. अशा गाड्या पाचव्या गिअरमध्ये जास्त पळतात आणि सहावा टाकला की वेग गळतो. एक दात कमी केला की सहाव्यात जीव येतो.

इंटरनेटवरच्या 'टॉप स्पीड' व्हिडिओंवर मात्र माझा अजिबात विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. अनेक गाड्यांत वेग मोजणारा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवर असतो, चाकावर नसतो. त्याला स्प्रॉकेट बदलल्याचं कळतच नाही. पुढे १३ दाते लावून गाडी खरोखर १२२ ने पळत असली, तरी तो १३१ दाखवणार. त्यात मुळात स्पीडोमीटर थोडा जास्तच दाखवणारा बनवलेला असतो. युरोपातल्या नियमाप्रमाणे त्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवलेलं चालत नाही, काही मर्यादेपर्यंत जास्त दाखवलेलं चालतं. वेगाचा दावा करायचा तर मोजलेलं अंतर आणि घड्याळ, एवढे दोनच साक्षीदार मानावेत.

ते साक्षीदार जिथे पिढ्यान्‌पिढ्या बसत आले आहेत, ती जागा अमेरिकेतल्या युटा राज्यातलं बॉनव्हिलचं मिठाचं मैदान. १३ सप्टेंबर १९४८ रोजी रोली फ्री नावाच्या रायडरने इथे व्हिन्सेंट मोटरसायकलवर ताशी १५०.३१३ मैल, म्हणजे २४२ किलोमीटर वेग गाठला. आधीचा अमेरिकी विक्रम १३६.१८३ मैलांचा, जो पेट्राली यांनी १९३७ मध्ये हार्ले-डेव्हिडसनवर केलेला. फ्रींचा आकडा आधी १४८ च्या आसपास अडला होता आणि चामडी पोशाख वाऱ्याने फाटला. मग त्यांनी तो काढूनच टाकला आणि पोहण्याची चड्डी, डोक्याला टोपी आणि उसने बूट एवढ्यावर, पाय मागे ताणून, ते गाडीवर पालथे झोपले. छायाचित्र जगप्रसिद्ध आहे, पण मला त्यामागचा घनाचा हिशेब जास्त भुरळ घालतो. १४८ वरून १५० म्हणजे जेमतेम दीड टक्का. त्यासाठी इंजिनमधून चारेक टक्के जास्त ताकद काढावी लागली असती. ती फ्रींनी इंजिनला हात न लावता, हवेची मागणी कमी करून मिळवली.

त्या व्हिन्सेंटची आणखी एक गंमत या विषयाला फार जवळची आहे. इंग्लंडमधल्या स्टीव्हनेजच्या या कारखान्याच्या गाडीचं मागचं चाक उलटसुलट बसवता येई. दोन बाजूंना दोन मापांची स्प्रॉकेट लावून ठेवायची आणि चाक फिरवून बसवलं की गुणोत्तर बदललं. चाक काढायला पानासुद्धा लागत नसे. टाकीवर नाव फिलिप व्हिन्सेंट यांचं होतं, पण या गाड्या ज्यांच्या डोक्यातून उतरल्या त्यांत फिल आयर्व्हिंग या ऑस्ट्रेलियन अभियंत्याचा वाटा मोठा. स्प्रॉकेट ही प्रयोगाने ठरवायची गोष्ट आहे हे त्यांनी ओळखलं आणि प्रयोगाची सोय गाडीतच करून ठेवली. मला हे फार मोठं वाटतं.

कारण बॉनव्हिलमध्ये कागदावरचं गणित लगेच डळमळतं. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फुटांवर आहे, तिथली हवा बाराएक टक्के विरळ. इंजिनला प्राणवायू कमी मिळतो, ताकद त्याच प्रमाणात घटते. पण हवेचा रोधही त्याच प्रमाणात घटतो! टर्बो नसलेल्या गाडीचे हे दोन्ही परिणाम जवळजवळ कटतात आणि केवळ उंचीमुळे टॉप फारसा बदलत नाही. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत सुंदर निकाल आहे. खरा तोटा मिठाचा. त्यावर टायरला घर्षणाने जास्त ताकद गमवावी लागते, आणि मागचं चाक घसरतं. वेगाच्या फेरीत दहा टक्के घसरण ही तिथे नवलाची गोष्ट नाही. आरपीएमवरून काढलेला वेग आणि वेळमोजणीच्या चिठ्ठीवरचा वेग यांत त्यामुळे मोठी फट पडते. दुसरीकडे टायर वेगाने फिरताना केंद्रोत्सारी बलाने फुगतो, त्याचा घेर वाढतो आणि न मागता गुणोत्तर लांब होतं. शिवाय आज अधिकृत जागतिक विक्रम जाऊन-येऊन अशा दोन्ही फेऱ्यांच्या सरासरीवर ठरतो. पाठीवर वारा असताना बरोबर बसलेली जोडी तोंडावर वारा आला की जड होते. स्प्रॉकेटांची पेटी घेऊन येणारे लोक तिथे उगाच येत नाहीत.

धावपट्टीची लांबीही हिशेबात धरावी लागते. टॉप जवळ आला की शिल्लक ताकद शून्याकडे जाते, त्यामुळे वेगाचे शेवटचे चार-पाच किलोमीटर चढायला सर्वांत जास्त वेळ लागतो. न्यूझीलंडचे बर्ट मन्रो १९६७ मध्ये १९२० सालच्या इंडियन स्काउटवर इथेच धावले, तेव्हा त्यांचं वय ६८ होतं आणि गाडीला गिअर तीनच. टॉप गिअर लांब ठेवला की खालचे दोन्ही गिअरही लांब होतात, आणि प्रत्येक बदलाला इंजिन खोल बुडतं. अशा गाडीला मैलोन्‌मैल सपाटीच हवी. त्यांचा ताशी १८३.५८६ मैलांचा विक्रम २०१४ मध्ये, हिशेबातली जुनी चूक त्यांच्या मुलाच्या लक्षात आल्यावर, १८४.०८७ असा दुरुस्त झाला.

या साऱ्यांची नावं गाजली. ज्याच्या साखळीवर ते पळाले तो हान्स रेनॉल्ड मात्र विस्मरणात गेला, आणि त्याची मला मनापासून खंत वाटते. साखळीआधीच्या उंच सायकलींत पेडल थेट पुढच्या चाकाला असे, म्हणून चाकाचा व्यास हेच गुणोत्तर आणि चालकाच्या पायाची लांबी ही त्याची मर्यादा. इंग्रज सायकलस्वार अजूनही गिअर इंचात सांगतात, म्हणजे केवढ्या उंच चाकाच्या बरोबरीचा ते. रेनॉल्ड मूळचा स्वित्झर्लंडचा. मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्डमधला जेम्स स्लेटर यांचा साखळीचा धंदा त्याने १८७९ मध्ये विकत घेतला. स्लेटरच्या साखळीत पिनेचा सगळा भार पट्टीच्या पातळ कडेवर येई आणि ती भराभर झिजे. रेनॉल्डने १८८० मध्ये पिनेवर एक नळी चढवली, बुश. भार पिनेच्या सबंध लांबीवर पसरला. आज तुमच्या गाडीखाली फिरते ती तत्त्वतः हीच साखळी.

तिलाही एक खोड आहे. स्प्रॉकेट साखळीच्या दृष्टीने वर्तुळ नसतं, बहुभुज असतो. त्यामुळे स्प्रॉकेट एकसारखं फिरलं तरी साखळी प्रत्येक दाताला किंचित हिसका देत पळते. ११ दातांना हा चढउतार ४ टक्के, १४ ला अडीच, १७ ला १.७. दाते कमी तितकी धडधड जास्त, झीजही जास्त. आणि दाते किती, यासोबत कड्या किती हेही पाहावं लागतं. साखळीच्या कड्या जवळजवळ नेहमी सम संख्येत असतात. वरच्या उदाहरणातल्या गाडीला ११२ कड्यांची साखळी असेल, तर १४ दातांपैकी प्रत्येक दात जन्मभर त्याच त्या ८ कड्यांना भेटत राहील. एक दात खराब झाला की त्या आठ खराब होणार. १५ दाते लावले तर १५ आणि ११२ यांना समान विभाजक नाही, म्हणून प्रत्येक दात प्रत्येक कडीला आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. टॉप तीन किलोमीटरने कमी, हायवेवर त्याच वेगाला इंजिन साडेसहा टक्के संथ, साखळीचा हिसका थोडा हलका. रोज कामावर जाणाऱ्या गाडीला मी हेच १५ दाते निवडेन.