माझी खोली, साळुंकीची ढोली

एप्रिल महिना, पहाटेचे साडेपाच. वडशातल्या माझ्या घराच्या मागच्या खोलीत शेजारची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसली होती. दिवसा रेकॉर्डिंग करायचं तर कूलर बंद ठेवावा लागतो आणि आमच्याकडच्या उन्हात कूलरशिवाय म्हाताऱ्या माणसाला बंद खोलीत बसवणं हा अत्याचारच. म्हणून पहाट निवडली. आजीची पहिली ओवी संपते न संपते तोच कवेलूच्या टोकावर बसलेल्या दयाळाने शीळ घातली. पाठोपाठ भिंतीला लावलेल्या फळीच्या मागून साळुंकीच्या पिल्लांनी चिरचिराट सुरू केला. मी कानावरचे हेडफोन काढले आणि हात वर करून आजीला थांबवलं. आजी म्हणाली, "त्याले गाऊ दे ना बाबू. आपुन थांबू."

आम्ही थांबलो. त्या थांबण्यातून मला जे शिकायला मिळालं ते सांगण्यासाठी हा लेख.

वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं माहेर. धान कापून घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं रंगतात. नाटक मंडळांची कार्यालयं इथल्याच रस्त्यांवर आहेत. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राला या रंगभूमीची नव्याने ओळख झाली. नाटकाची जाहिरात करत गाडी गावातून फिरते, तिच्या भोंग्यावरची अनाउन्समेंट कुणीतरी कुठेतरी बसून रेकॉर्ड केलेली असते. गाणी असतात, दंडार हे लोकनाट्य असतं, आता म्हाताऱ्यांच्या तोंडच्या ओव्या जपण्याची निकडही आहे. एक लॅपटॉप, एक माईक आणि एक मागची खोली एवढ्यावर रेकॉर्डिंगचं हे काम चालतं. भोवती मात्र जंगल आहे, आणि जंगलातला पाहुणा गावात यायला कुणाची परवानगी घेत नाही.

पक्षी अशा घरगुती स्टुडिओतच का येतात, याचा मी बरेच दिवस विचार केला. साळुंकी, चिमणी, दयाळ, पिंगळा हे सगळे ढोलीत घरटं करणारे. त्यांना जुनं, पोकळ झाड लागतं. गावातली अशी झाडं रस्ता रुंदीकरणात गेली, उरली त्यांच्या फांद्या तारांसाठी छाटल्या. त्याच वेळी आपण काय केलं? आवाज घुमू नये म्हणून भिंतीपासून चार बोटं सोडून फळ्या ठोकल्या, वर खोटं छत टांगलं, वायर आणि एसीचा पाइप जाण्यासाठी भिंतीला भोक पाडलं. अंधारी, कोरडी, अरुंद तोंडाची, मांजर पोचणार नाही अशी पोकळी तयार झाली. पक्ष्याच्या हिशेबात ही उत्तम ढोली. चिमणीसाठी बनवतात त्या लाकडी घरट्याचं दार जेमतेम ३२ मिलिमीटरचं असतं, म्हणजे पाइपाभोवती उरलेली फट तिला पुरून उरते. हिवाळाभर बंद पडलेला कूलर आणि खिडकीतल्या एसीच्या बाजूची मोकळी जागा पारवे पटकावतात.

आता यातली एक गोष्ट रेकॉर्डिंग करणाऱ्याने मनावर घ्यावी. भिंत कितीही जाड असो, तिच्या क्षेत्रफळाच्या शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला तरी ती भिंत २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. म्हणजे ज्या फटीतून साळुंकी आत येते, त्याच फटीतून रस्त्यावरचा ट्रॅक्टरही आत येतो. पक्षी आपल्याला भिंतीची चूक दाखवतो. भिंतीवर चिकटवलेले अंड्यांचे ट्रे आणि फोम यांचाही गैरसमज दूर व्हायला हवा. त्यांनी खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. तो अडवायला वजन लागतं आणि फट नसावी लागते.

"सॉफ्टवेअरने काढून टाकू" हे उत्तर मीही पुष्कळ दिवस स्वतःला देत होतो. पंख्याची किंवा कूलरची घरघर एकसारखी असते, तिचा नमुना दाखवला की यंत्र ती बऱ्यापैकी पुसतं. खालच्या पट्टीतली गुणगुण तर एका फिल्टरने जाते. पक्ष्याचं तसं नाही. त्याची शीळ दर क्षणी बदलते आणि बहुतेक वेळा २ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. आपल्या बोलण्यातले स, श, च, त हे उच्चार स्पष्ट होतात ते याच पट्ट्यात. दयाळ कापायला जावं तर आजीच्या ओवीतला 'सासर' बोबडा होतो.

बाजारात पक्षी पळवणारी अल्ट्रासोनिक यंत्रंही मिळतात. त्यांवर पैसे घालवू नका. माणसाला ऐकू न येणारा आवाज २० किलोहर्ट्झच्या वर सुरू होतो, आणि बहुतेक पक्ष्यांना १० किलोहर्ट्झच्या पलीकडचं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

पहिल्या वर्षी मी एक चूक केली, ती लपवत नाही. सकाळी रागाच्या भरात भोकात चिंधी कोंबली. दुपारी बघतो तर साळुंकी तारेवर बसलेली, चोचीत नाकतोडा, आणि भिंतीच्या आतून पिल्लांचा आवाज. ती भोकाशी यायची, चिंधीला चोच मारायची, परत तारेवर जायची. मी शिडी लावून चिंधी काढली. नंतर कळलं की कायदाही हेच सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटं विस्कटणं येतं. बंदूक हातात नसली तरी शिकार घडते.

मग थांबायचं किती? साळुंकी १७-१८ दिवस अंडी उबवते, पिल्लं आणखी २२ ते २४ दिवसांत उडतात. म्हणजे साधारण चाळीस दिवस. चिमणीचं सगळं महिन्याभरात आटोपतं, पण ती लगेच दुसरी वीण सुरू करते, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. पारव्याला सात आठवडे धरा, आणि तो वर्षभर अंडी घालतो. दयाळाची गाण्याची धामधूम मार्च ते जुलै.

या दिवसांत काम बंद ठेवण्याची गरज नाही, वेळापत्रक बदलायचं. दयाळ पहाटे आणि तिन्हीसांजेला भरात असतो. मी रात्री नऊनंतर बसतो. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र पावशा चांदण्या रात्रीही "पेरते व्हा, पेरते व्हा" करत बसतो, त्या रात्री सोडून द्याव्या लागतात. माईक तोंडाच्या जवळ घ्यावा. एका हातावरून एका वितीवर आणला की बोलणाऱ्याचा आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि पक्षी तेवढा मागे पडतो. साधा कार्डिऑइड माईक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ घरट्याकडे करावी. बोलणाऱ्याच्या मागे जाड गोधडी टांगावी. एवढ्याने माझं निम्म्याहून अधिक काम भागलं.

फट बुजवण्याचा काळ म्हणजे दिवाळीचा. साळुंकी आणि दयाळ यांची वीण संपलेली असते. टॉर्च घेऊन प्रत्येक भोकात बघा. घरटं रिकामं आहे याची दोन-तीन दिवस खात्री करा. नाका-तोंडाला मास्क बांधा, जुनं घरटं आणि विष्ठा पाणी शिंपडून ओली करा आणि मगच काढा, कारण पारव्याच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला बाधते. पाइपाभोवती सिमेंट भरा, हवेसाठी ठेवलेल्या झरोक्याला बारीक जाळी ठोका. आणि ज्याचं घर घेतलं त्याला दुसरीकडे जागा द्या. घरामागच्या सांदवाडीच्या लांबच्या भिंतीवर, उन्हाची तिरीप टळेल अशा ठिकाणी लाकडी घरटं टांगलं की चिमणी तिथे जाते. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारातून २०१० साली सुरू झाला, हे आपल्या मराठी मुलखाला भूषणावह आहे.

आजीच्या त्या पहाटेचं, दयाळाची शीळ मिसळलेलं रेकॉर्डिंग मी पुसलं नाही. पक्ष्याचा जगातला सगळ्यात जुना ज्ञात ध्वनिमुद्रित आवाज १८८९ सालचा आहे. जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने घरात पाळलेल्या पक्ष्याचं गाणं मेणाच्या नळकांड्यावर घेतलं. तो पक्षी होता शामा, आपल्या भारतीय जंगलांतला, दयाळाचा सख्खा नातलग. म्हणजे पक्षिगीतांच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवातही एका घरातल्याच खोलीत झाली! पुढे १९२४ साली इंग्लंडमध्ये बिअ‍ॅट्रिस हॅरिसन या चेलोवादक बाईंनी आपल्या बागेत वाद्य वाजवलं आणि नाइटिंगेलसोबतचं ते वादन बीबीसीने थेट प्रसारित केलं. आपल्याकडे मारुती चितमपल्लींनी वनखात्यात, नवेगावबांधसारख्या झाडीपट्टीतल्या जंगलात राहून आदिवासींकडून पक्ष्यांची नावं गोळा केली आणि 'पक्षिकोश' सिद्ध केला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांनी नावं जमवली, आवाज जमवण्याचं काम आपल्या हातात आहे. २००५ पासून चालू असलेल्या झेनो-कँटो या संग्रहात जगभरातली साधी माणसं पक्ष्यांचे आवाज देतात, तारीख आणि ठिकाणासह.

तेव्हा चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी, कुरखेडा इथे मागच्या खोलीत माईक लावून बसलेल्या माझ्या सगळ्या मित्रांना विनंती आहे. येत्या दिवाळीत फटी बुजवून घ्या. पण आत अंडं दिसलं, तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा, आणि थांबलेल्या दिवसांपैकी एका पहाटे माईक खिडकीबाहेर काढून दहा मिनिटं नुसता चालू ठेवा.