सर्व्हर गेला, नाव राहिलं

हैदराबादेत कोटीकडून सुलतान बाजारात शिरलं की नजर साड्यांवर आणि बांगड्यांवर जाते. वरच्या मजल्यांकडे सहसा कुणी बघत नाही. तिथे पेढ्यांची ऑफिसं आहेत. बेगम बाजारातल्या गोदामाचा साठा, सिकंदराबादच्या शाखेची बिलं, जीएसटीचा हिशेब, सगळं तिथल्या संगणकांवर चालतं. जरा मोठ्या पेढीत फायलींच्या कपाटाशेजारी दोन सर्व्हर असतात. कुणाला आत घ्यायचं, कुणाला कुठली फाइल उघडू द्यायची, हे ते ठरवतात. त्यांना डोमेन कंट्रोलर म्हणतात. त्यातला एखादा भर उन्हाळ्यात किंवा विजेच्या झटक्याने कायमचा बंद पडला, तर तो उचलून कोपऱ्यात ठेवला की काम संपलं, असं मालकाला वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं.

विंडोज २००० बरोबर मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणली. तिच्यात प्रत्येक डोमेन कंट्रोलरकडे पेढीच्या सगळ्या नोंदींची प्रत असते. एकात बदल झाला की तो दुसऱ्याकडे पोचतो. त्यासाठी त्यांना एकमेकांची नावं ठाऊक असावी लागतात. चालता सर्व्हर रीतसर निवृत्त केला तर जाताना तो आपली नोंद स्वतःच पुसून घेतो. अचानक गेलेल्याला ती सवड मिळत नाही. मागे राहिलेला सर्व्हर त्याला हाका मारत राहतो आणि लॉगमध्ये १७२२ क्रमांकाची चूक साचत जाते: पलीकडून उत्तर नाही.

ऑफिसातल्या माणसांना हे वेगळ्याच रूपात जाणवतं. सकाळी पासवर्ड टाकल्यावर एक संगणक चटकन उघडतो, शेजारचा बराच वेळ फिरत बसतो. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसने त्याला गेलेल्या सर्व्हरचा पत्ता दिलेला असतो. तिथून काही येत नाही म्हटल्यावर तो दुसऱ्याकडे वळतो.

गेलेल्याचं नाव मागे उरतं, हे कोटीतल्या माणसाने एकदा अनुभवलेलं आहे. निजामाच्या राज्यात १९४१ साली स्थापन झालेली आणि पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालेली बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. पण तिची चेकबुकं घरोघरच्या कपाटांत होतीच. ती वापरण्याची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. आयएफएससीतली ‘एसबीएचवाय’ ही अक्षरंही कागदोकागदी बदलावी लागली.

सर्व्हर असा गेला की जाणता नेटवर्कवाला आधी एकाच गोष्टीची खात्री करून घेतो: हे यंत्र पुन्हा जोडलं जाणार नाही ना? याला कारण आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत पाच खास जबाबदाऱ्या असतात आणि त्यातली प्रत्येक एका वेळी एकाच सर्व्हरकडे असते. अशा पेढीत त्या पाचही बहुधा पहिल्या सर्व्हरवरच राहिलेल्या असतात. तो गेला की दुसऱ्याला त्या जबरीने घ्याव्या लागतात. त्यातली एक ओळख-क्रमांक वाटण्याची. प्रत्येक सर्व्हरला पाचशे-पाचशे क्रमांकांचा गठ्ठा मिळतो. ही जबाबदारी दुसऱ्याने घेतल्यावर जुना सर्व्हर दुरुस्त होऊन परत आला, तर वाटप करणारे दोघे होतात आणि दोन वेगळ्या माणसांना एकच क्रमांक मिळू शकतो. म्हणून एकदा ठरलं की ठरलं. जुन्याची केबल काढून ठेवायची. सहा महिने बंद असलेला सर्व्हर तर सुरू झाला तरी जोडू नये. पुसलेल्या नोंदींची आठवण अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी साधारणपणे १८० दिवसच ठेवते, आणि पुसून टाकलेली खाती त्याच्याकडून परत उगवू शकतात.

पूर्वी गेलेल्या सर्व्हरची नोंद पुसण्याचं काम एनटीडीएसयुटिल या साधनाच्या काळ्या पडद्यावर चालायचं. आधी डोमेनची यादी मागवायची, मग साइटची, मग सर्व्हरची, आणि दर वेळी आकडा टाकून निवड करायची. शून्य आणि एक यांत घोटाळा झाला तर जिवंत सर्व्हरच कापला जायचा. शेवटी एक खिडकी नाव दाखवून विचारते. तिथे थांबून ते नाव मोठ्याने वाचणारा माणूस मला भरवशाचा वाटतो. विंडोज सर्व्हर २००८ पासून यादीतलं गेलेल्या सर्व्हरचं खातं पुसलं की बरीचशी साफसफाई आपोआप होते. तरी मध्ये एक चौकोन येतोच: हा सर्व्हर कायमचा बंद आहे, अशी खूण करा.

तरीही हाताने बरंच शोधावं लागतं. डीएनएसमध्ये नेम सर्व्हरच्या यादीतलं त्याचं नाव सहज राहून जातं. साइट्स अँड सर्व्हिसेसमध्ये रिकामी नोंद उरते. संगणकांना पत्ते वाटणारं डीएचसीपी त्याचा जुनाच पत्ता सांगत राहतं. प्रिंटरमध्ये आणि हजेरीच्या यंत्रात कुणीतरी कधी काळी तो पत्ता हाताने भरलेला असतो. अमीरपेठेतल्या क्लासात आज्ञा शिकवतात, पण हा माग काढायला ती पेढीच माहीत असावी लागते.

मला खरी काळजी वाटते ती उरलेल्या एकट्या सर्व्हरची. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या संगणक-विषाणूच्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे डोमेन कंट्रोलर पुसले गेले. वाचला तो घानातला एक, कारण नेमकी तिथली वीज गेली होती. त्याच्यावरची प्रत लंडनजवळच्या केंद्रात पोचवायला माणसाला विमानाने डिस्क न्यावी लागली. सुलतान बाजारातल्या पेढीला अशी दैवाची साथ मिळेलच असं नाही. म्हणून जुन्याचं नाव पुसण्याआधी उरलेल्याचा बॅकअप घ्यावा आणि साफसफाई झाल्याबरोबर दुसरा सर्व्हर उभा करावा. पुढच्या दिवाळीनंतर बघू म्हणत वर्ष घालवू नये. नव्याला जुनाच पत्ता दिला तरी चालतो, प्रिंटरवाल्यांचा त्रास वाचतो. मग डीसीडायग आणि रेपअ‍ॅडमिन या आज्ञा चालवून दोघांची देवाणघेवाण तपासावी.

राहता राहिला कोपऱ्यातला डबा. मदरबोर्ड जळला तरी डिस्क शाबूत असू शकते, आणि तिच्यावर पेढीतल्या प्रत्येकाच्या पासवर्डचा हॅश असतो. भंगारवाल्याला डबा देण्याआधी डिस्क काढून घ्यावी आणि ती समोर उभं राहून फोडून घ्यावी.