अडलेली गाडीवाट आणि राज्याचा कारभार

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर एरवी बेणे, लागण, खताचा हप्ता आणि हुमणी एवढाच माझा विषय असतो. आज त्याला बगल देतो आहे. गेल्या हंगामात आपल्याच एका सभासदाचा दीड एकर ऊस वेळेत तुटला नाही, फडातच वाळला. त्यात दोष हुमणीचा नव्हता आणि तोडणी टोळीचाही नव्हता.

झाले असे की, फडाकडे जाणारी जुनी गाडीवाट शेजारच्या खातेदाराने चर मारून बंद केली. आमचे हे सभासद आधी ग्रामपंचायतीत गेले. अर्ज दिला, पोच घेतली. ठरावही झाला, पण चर काही बुजला नाही. मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषदेचे सदस्य, मग आमदारांचे पत्र. माझ्याकडे आले तेव्हा सात महिने उलटले होते. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे तहसीलदारांकडे दावा लावता येतो. पण तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. त्यानंतर उरते ते दिवाणी कोर्ट. ही सहा महिन्यांची मुदत मलाही तहसील कचेरीतल्या एका कारकुनानेच सांगितली, हे कबूल करतो. कृषि पदविकेला आम्हाला माती शिकवली, कायदा नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवा. वाट आधीपासून होती आणि अडवली, तर वरचे कलम. वाट मुळातच नाही आणि बांधावरून नवी हवी आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच, पण कागद वेगळे.

या प्रकरणानंतर गटसभेत खताचे बोलणे आटोपले की मी एक प्रश्न विचारू लागलो : आपल्या उसाची एफआरपी कोण ठरवतं? एक जण म्हणाला चेअरमन. दुसरा म्हणाला साखर आयुक्त. तिसऱ्याने थेट मुख्यमंत्र्यांचे नाव घेतले. मागून एक आबा म्हणाले, "सायेब, कुणी का ठरवंना, आमाला गप घ्यावी लागती." हशा झाला. पण आबा, गप घ्यावी लागत नाही, आणि कुणी ठरवली यालाच महत्त्व आहे.

एफआरपी केंद्र सरकार ठरवते. कृषि मूल्य आयोग शिफारस करतो आणि ऊस नियंत्रण आदेश, १९६६ खाली ती जाहीर होते. पूर्वी तिला किमान वैधानिक दर म्हणत. २००९-१० च्या हंगामापासून एफआरपी आली. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये होती. त्यावर प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यामागे टनाला ३४ रुपये ६० पैसे वाढ. आपल्याकडे यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हा दर किमान आहे. कारखान्याला परवडले तर जास्त देता येतो. आणि ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर पुढे वार्षिक १५ टक्के व्याज. माझा पगार कारखाना देतो, तरी हे मी याच पानावर लिहितो, कारण नियम आहे तो आहे. थकबाकी राहिली तर साखर आयुक्त वसुलीचा आदेश काढतात आणि जिल्हाधिकारी ती जमीन महसुलासारखी वसूल करतात. म्हणजे दर दिल्लीचा, वसुलीचा आदेश पुण्याचा आणि वसुली जिल्ह्याच्या ठिकाणची.

हे असे वाटून का दिले आहे? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत : केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून समवर्ती. शेती, पाणी, जमीन आणि सहकारी संस्था राज्याच्या यादीत. वीज समवर्तीत. म्हणून आपला कारखाना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालतो, तो मुंबईच्या विधिमंडळाचा कायदा. गावातही तेच. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) महसूल खात्याचा, त्याच्यावर तहसीलदार. ग्रामसेवक जिल्हा परिषदेकडचा. दोघे एकाच चावडीजवळ बसतात म्हणून आपण दोघांना एकच समजतो, आणि वाटेचा अर्ज भलत्याच टेबलावर पडतो.

दुसरी एक समजूत गटसभांत सारखी ऐकू येते : "कारखाना सरकारनं दिला." सरकारने भांडवलाला हातभार लावला हे खरे, पण सुरुवात तिथून नव्हती. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे काढून जाळले. त्या दंग्यानंतर १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा. गावात पतपेढी आली ती तिथून. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग जमवले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले चेअरमन झाले, वैकुंठभाई मेहतांचे पाठबळ मिळाले, आणि १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा राहिला. भाग घेणाऱ्यांत कित्येकांना सही येत नव्हती. पण मत प्रत्येकाला एकच. भाग एक असो की पन्नास. ते कलम आजही कायद्यात तसेच आहे. वार्षिक सभेत अहवाल न वाचता "मंजूर, मंजूर" म्हणणाऱ्या मंडळींनी या एका मताचा हिशेब जरूर करावा. (रागावू नका, जेवणाची घाई मलाही असते.)

त्या सभासदांचा दावा आता दिवाणी कोर्टात आहे. तडजोडीने या हंगामापुरती वाट मिळाली आहे, तीही लेखी घेतली आहे. आणखी कोणाची वाट अडली असेल तर अडवल्याची तारीख, गट नंबर आणि शेजारच्या खातेदाराचे नाव लिहून गट ऑफिसात द्यावे. अर्जाचा नमुना तिथे ठेवला आहे. तोडणी कार्यक्रम लागण्याआधी आलात तर बरे, म्हणजे तुमच्या फडाची पाळी वाट पाहून लावता येईल.