तारामंडलपेठेतील बाण

बंगळूरच्या जुन्या शहरात तारामंडलपेठ नावाची वस्ती आहे. 1537 साली केंपेगौडाने वसविलेल्या या शहरात दोड्डपेठ व चिक्कपेठ हे दोन हमरस्ते एकमेकांस छेदीत, आणि त्यांच्या आसपास धंद्यांनुसार पेठा वसत. अक्कीपेठ तांदळाची, कुंभारपेठ कुंभारांची. तशीच ही पेठ युद्धातील बाणांची. टिपू सुलतानाच्या काळी हे बाण येथे तयार होत.

मराठ्यांच्या सैन्यातही दारूचे बाण असत. मात्र म्हैसूरच्या बाणांची कीर्ती युरोपापर्यंत पोहोचली, ती त्यांच्या लोखंडी नळीमुळे. नळीचे एक टोक बंद व दुसऱ्यास छिद्र असे. दारू पेटली म्हणजे वायू वेगाने छिद्रातून मागे जातो व नळी पुढे रेटली जाते. वायूचा दाब जितका अधिक, तितका रेटा अधिक. परंतु अधिक दाबाने कागदाची किंवा बांबूची नळी फुटते. लोहाराने ठोकून घडविलेली लोखंडी नळी तो दाब सोसते, म्हणून तीत दारू घट्ट ठासता येते. अशा रीतीने सुमारे 1 पौंड दारूवर बाण जवळजवळ 1000 यार्ड जाई. नळीस चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेला लांब बांबू त्याची दिशा राखी. इंग्लंडातील वुलिच येथे गेलेल्या एका नमुन्यात नळी सुमारे 10 इंच लांब असून बांबूऐवजी तलवारीचे सरळ पाते बांधलेले होते.

7 मार्च 1791 रोजी बंगळूरची पेठ व 21 मार्चच्या रात्री किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तेथे 9000 रिकामे बाण सापडले. पुढे विल्यम काँग्रीव्हने वुलिच येथे प्रयोग करून लोखंडी नळीचेच बाण सिद्ध केले, व 1807 मध्ये ते कोपनहेगनवर पडले. सेनापतींची व संशोधकांची नावे ग्रंथांत राहिली; नळी घडविणाऱ्या लोहारांची राहिली नाहीत.

तथापि त्यांचे हस्तकौशल्य सर्वस्वी लोपलेले नाही. 2018 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर येथे एका कोरड्या विहिरीतून हजाराहून अधिक गंजलेले बाण काढण्यात आले. या बाणांचा शास्त्रीय इतिहास 1985 मध्ये रोद्दम नरसिंह यांनी मांडला. ते बंगळूर येथीलच राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे संचालक होते. जुन्या वस्तूंचे मोल केवळ त्यांच्या वयात नसते. एखादी गंजलेली नळी जपली, तर ती घडविणाऱ्यास लोखंड, अग्नी व दाब यांविषयी काय ठाऊक होते, हे ती आजही सांगू शकते.