लेण्याद्रीहून दुबई किती लांब?

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १९३० किलोमीटर, प्रवास तीन-सव्वातीन तासांचा. हे दोन आकडे पाठ झाले की आखाताशी व्यापाराचा हिशेब जमला, असे आमचे अनेक व्यापारी बांधव समजतात. पण जुन्नर-लेण्याद्री भागातून माल पाठवणाऱ्याचा वेळ आणि पैसा विमानात बसण्याआधीच निम्मा खर्ची पडतो.

नकाशावर फूटपट्टी ठेवली तर लेण्याद्री ते कल्याण जेमतेम ८० किलोमीटर भरते. माळशेज घाटाच्या रस्त्याने हेच अंतर शंभराच्या पुढे जाते आणि विमानतळ त्याहूनही पुढे. पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद, मग पुण्यावरून वळसा. ही वाट काही आजची नव्हे. लेण्याद्रीच्या ६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात दाता म्हणून कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे नाव आहे. कल्याण बंदरातला माल तेव्हा नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येत असे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कल्याणच्या घरातला पैसा येथल्या कड्यात लागला, त्यामागे हाच घाट होता.

आता विमानाच्या वेळेचे. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईहून सकाळी १० ला निघालेले विमान तेथे पावणेबाराच्या सुमारास उतरते. तिकिटावर पाहणाऱ्याला वाटते, पावणेदोन तासांतच पोहोचलो! परतताना उलट होते, घड्याळ जास्त तास दाखवते. प्रत्यक्षात येताना बहुधा वेळ थोडा कमी लागतो, कारण उंचावरचे पश्चिमेचे वारे विमानाला पाठीमागून रेटतात. हिवाळ्यात ते अधिक जोरकस असतात. तेथील व्यापाऱ्याला 'दुपारी फोन करतो' असे सांगताना कोणाची दुपार, तेवढे आधी ठरवावे.

मालाच्या भाड्याचा हिशेब मात्र किलोमीटरवर थांबत नाही, आणि आमचे कारागीर फसतात ते येथेच. विमानात वजनाइतकीच जागाही मोजली जाते. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि ६००० ने भागायचे. खऱ्या वजनापेक्षा हा आकडा मोठा असेल, तर भाडे त्यावर. उदाहरणार्थ, ६० × ४० × ५० सेंटिमीटरच्या खोक्यात बांबूच्या टोपल्या भरल्या. काट्यावर वजन ८ किलो, परंतु भाडे २० किलोचे! टोपल्या एकात एक बसतील अशा मापांच्या विणल्या, तर त्याच खोक्यात दुप्पट-तिप्पट नग जातात आणि भाडे तेच राहते. ऑर्डर घेण्याआधीच हे गणित मांडावे. माल विणून झाल्यावर माप बदलता येत नाही.

द्राक्षासारखा जड माल म्हणूनच मुख्यतः शीतपेटीतून समुद्रमार्गे जातो. दिवस लागतात, पण किलोमागे भाडे परवडते. नमुने आणि हलका, महाग माल तेवढा विमानाने पाठवावा. त्यातही विमान किती वाजता सुटते एवढेच विचारून चालत नाही. माल स्वीकारण्याची शेवटची वेळ कोणती, हे एजंटाकडून लिहून घ्यावे. ती विमान सुटण्याच्या कित्येक तास आधीची असते, आणि जुन्नरहून गाडी कधी सोडायची ते त्या वेळेवरून उलटे मोजत यावे, माळशेजचे धुके धरून.