परत पाठविण्यासाठीं केलेला सांभाळ

प्राणिसंग्रहालयांत गेलेला मनुष्य पिंजऱ्यापुढें उभा राहून बहुधा एकच प्रश्न विचारतो : ह्या प्राण्याचें नांव काय? तो येथें कशासाठीं ठेवला आहे, हा दुसरा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. जेराल्ड डरेल ह्यांनीं मात्र हा दुसरा प्रश्न जन्मभर विचारला, आणि त्याचें उत्तर म्हणून स्वतःचें एक प्राणिसंग्रहालय उभारलें.

डरेल इंग्रज खरे; पण त्यांचा जन्म हिंदुस्थानांतला. ७ जानेवारी १९२५ रोजीं ते जमशेदपूर येथें जन्मले. इंजिनियर असलेले वडील १९२८ सालीं निवर्तले व आई मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. १९३५ सालीं हें कुटुंब ग्रीस देशांतील कॉर्फू बेटावर राहावयास गेलें. शाळेंतील रीतसर शिक्षण ह्या मुलाला जवळजवळ मिळालेंच नाहीं. परंतु थिओडोर स्टेफानिडीस नांवाचे एक विद्वान डॉक्टर त्याला गुरु म्हणून लाभले. त्यांच्यासंगें डबकीं व ऑलिव्हचीं बनें धुंडाळतांना, धीर धरून पाहावें कसें, हें तो शिकला. हेंच शिक्षण त्याला आयुष्यभर पुरलें.

१९४५ सालीं डरेल इंग्लंडमधील व्हिप्स्नेड येथील प्राणि-उद्यानांत शिकाऊ रखवालदार म्हणून लागले. वैरण टाकणें, गोठे झाडणें, असें तें काम. तेथें मिलू नांवाच्या चिनी हरणांचीं पाडसें आलीं आणि त्यांना बाटलीनें दूध पाजण्याचें काम ह्या तरुणाकडे सोंपविण्यांत आलें. चीनमध्यें हें हरिण १९०० च्या सुमारास नामशेष झालें होतें. त्याचा वंश उरला तो बेडफर्डच्या ड्यूकनें इंग्लंडमध्यें वोबर्न येथें जमविलेल्या कळपांतच. म्हणजे पाडसाच्या तोंडाला लावलेल्या त्या बाटलीवर एका सबंध जातीचें भवितव्य थोडेंबहुत अवलंबून होतें! पुढें १९८५ सालीं वोबर्नचीं हरणें चीनला परत नेण्यांत आलीं. जो प्राणी जगांतून जावयाचा, तो सांभाळून ठेवितां येतो व वेळ येतांच स्वगृहीं धाडितां येतो, ह्याचा हा धडा होता.

वयाच्या एकविसाव्या वर्षीं वडिलोपार्जित कांहीं पैसा हातीं आला. त्यावर १९४७ मध्यें डरेल पश्चिम आफ्रिकेंतील कॅमेरून प्रांतीं प्राणी आणावयास निघाले. प्राणी पकडणें हा ह्या उद्योगाचा सोपा भाग; खरें कष्ट पुढेंच असतात. कोणाला किडे हवेत, कोणाला फळें, कोणी ओळखीचें अन्न नसेल तर उपाशी राहून मरेल. मुक्कामावर आणि बोटीवरहि रोज सर्वांचे पिंजरे झाडून प्रत्येकाला त्याचें अन्न पोंचवावें लागतें. अशा दोन-तीन सफरींत गांठचा पैसा संपला. तेव्हां कवि व कादंबरीकार असलेले वडील बंधु लॉरेन्स ह्यांनीं त्यांना लिहिण्याचा आग्रह केला. डरेल ह्यांनीं केसाळ बेडकावर एक भाषण लिहिलें व १९५१ मध्यें तें लंडनच्या नभोवाणीवरून वाचलें. विणीच्या काळांत ह्या बेडकाच्या नराच्या कुशींवर केसांसारखे त्वचेचे तंतु वाढतात. पाण्यांत अंडीं राखीत बसतांना प्राणवायु घेण्यास ते त्याला साह्य करितात. भाषण श्रोत्यांना आवडलें. १९५३ मध्यें पहिलें पुस्तक निघालें आणि पुढें पुस्तकांच्या मिळकतीवरच प्राण्यांचा संसार चालूं लागला.

परंतु आपण आणलेले प्राणी नुसते शोभेसाठीं ठेवलेले पाहून डरेल अस्वस्थ होत. दुर्मिळ प्राण्यांची वीण वाढविण्याची चिंता फारशी कोणी करीत नसे. कॅमेरूनच्या तिसऱ्या सफरीहून त्यांनीं प्राणी आणले ते स्वतःसाठीं. जागा मिळेना, म्हणून ते बहिणीच्या बोर्नमथ येथील घराच्या बागेंत ठेवावे लागले! अखेर जर्सी बेटावर एक जुना वाडा भाड्यानें मिळाला आणि २६ मार्च १९५९ रोजीं तेथें संग्रहालय उघडलें. १९६३ मध्यें त्याची विश्वस्त संस्था झाली. तिचें बोधचिन्ह ठरलें डोडो, मॉरिशस बेटावरून कायमचा नाहींसा झालेला पक्षी.

त्याच मॉरिशसमध्यें गुलाबी कबूतर नांवाचें दुसरें एक पाखरूं डोडोच्या वाटेनें चाललें होतें. जंगल तुटलेलें; उंदीर व माकडें अंडीं खाऊन टाकीत. १९७६ सालीं डरेल तेथें गेले व कांहीं कबूतरें जर्सीस आणविलीं. पिंजऱ्यांत हीं कबूतरें पिलांची निगा नीट करीनात. तेव्हां त्यांचीं अंडीं पाळीव पारव्यांखालीं ठेवून पिलें वाढविलीं. १९९० च्या सुमारास रानांत अवघीं दहाएक कबूतरें उरलीं होतीं. परंतु १९८७ पासून पाळून वाढविलेलीं पाखरें सोडण्यास आरंभ झाला होता, व आज त्यांची संख्या कांहीं शेंकड्यांवर गेली आहे.

पिंजरा तो पिंजराच, असा आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत, आणि तो खोटा नाहीं. कोंडलेल्या प्राण्याचें रान त्याला कोणी आणून देऊं शकत नाहीं. डरेल ह्यांना हें मान्य होतें. म्हणूनच रान राखणें हेंच मुख्य कार्य. पाळून वीण वाढविणें ही केवळ अडचणीच्या काळांतील तजवीज, असें ते मानीत. तीहि जर्सीहून एकट्यानें व्हावयाची नव्हे. म्हणून १९८४ मध्यें संग्रहालयाशेजारीं शिक्षणकेंद्र उघडण्यांत आलें. तेथें देशोदेशींचे विद्यार्थी येऊन शिकतात व आपापल्या मुलखांत परत जाऊन काम करितात. शाळेंत न गेलेल्या मनुष्यानें शेवटीं शाळाच काढली!

डरेल ३० जानेवारी १९९५ रोजीं वारले. काम थांबलें नाहीं. आसामांत पिग्मी हॉग नांवाचें, जेमतेम वीतभर उंचीचें रानडुक्कर आहे. १९९६ मध्यें मानसच्या अरण्यांतून अशीं सहा डुकरें पकडून त्यांची वीण वाढविण्याचें काम गुवाहाटीजवळ सुरू झालें. त्यांत डरेल ह्यांच्या संस्थेचा हात होता. २००८ मध्यें त्यांच्या वंशांतील पहिलीं डुकरें सोनाई रूपाईच्या गवताळ रानांत सोडण्यांत आलीं. ज्या देशांत डरेल जन्मले, तेथील एका मुक्या जातीला त्यांच्या पश्चात् आपलें घर परत मिळालें.

पुढच्या वेळीं संग्रहालयांत मुलांना नेतां त्यांनीं प्राण्याचें नांव विचारलें, तर तें अवश्य सांगावें. पण त्याबरोबर हेंहि त्यांना विचारावयास शिकवावें : हा येथें कशासाठीं आहे, आणि परत कधीं जाणार?