ईथरनेट स्विच-समूहाचे व्यवस्थापन

संगणकांच्या स्थानिक जाळ्यातील अनेक ईथरनेट स्विचांची जुळणी व देखरेख त्यांच्यापैकीच एका स्विचामार्फत करण्याची पद्धती. माहितीच्या प्रत्येक चौकटीवरील (ठरावीक बांधणीच्या तुकड्यावरील) पत्ता वाचून ती योग्य त्या द्वाराकडेच पाठविणारे उपकरण म्हणजे स्विच होय. ईथरनेटचा पाया अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पॅलो ॲल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी घातला. आरंभी सर्व संगणक एकाच सामाईक केबलीला जोडलेले असत. १९९० नंतर स्विचांचा प्रसार झाला आणि मोठ्या इमारतीत मजल्यामजल्यावर स्विच बसविले जाऊ लागले.

अशा प्रत्येक स्विचाला स्वतःचा आयपी पत्ता, परवलीचा शब्द व जुळणी द्यावी लागे. एकच बदल पंधरा ठिकाणी करावयाचा, तर पंधरा वेळा तेच काम. त्यात एखादा स्विच राहून गेला, तर पुढे उद्भवणारा दोष शोधणे जिकिरीचे होई. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसएनएमपी या प्रोटोकॉलामुळे (संदेशवहनाच्या ठरलेल्या नियमांमुळे) दुरून देखरेख शक्य झाली. तथापि प्रत्येक उपकरणाला पत्ता देण्याची गरज टळली नाही.

हे काम सोपे करणारी समूह-पद्धती सिस्को या अमेरिकन कंपनीने आपल्या कॅटॅलिस्ट मालिकेतील स्विचांत १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणली. तीत एक आदेश स्विच व जास्तीत जास्त १५ सदस्य स्विच असत. बाहेरून पाहता सर्व समूहास एकच आयपी पत्ता पुरे. शेजारच्या उपकरणांशी ओळखीचे संदेश देऊन-घेऊन आदेश स्विच समूहात घेण्याजोगे स्विच शोधी. समूहात येणारा स्विच आदेश स्विचाचा परवलीचा शब्द आपोआप स्वीकारी व समूह सोडल्यावरही तोच जवळ बाळगी. आदेश स्विचावर कोणताच परवलीचा शब्द नसेल, तर सदस्यही तसाच उघडा राही. सोयीमागची ही अडचण बहुधा उशिरा ध्यानात येते.

समूह आणि थर (खास केबलींनी जोडलेली स्विचांची रास) यांत गल्लत करू नये. थरातील स्विच एकमेकांजवळ ठेवावे लागतात व ते मिळून एकच स्विच असल्याप्रमाणे वागतात. समूहातील सदस्य वेगवेगळ्या मजल्यांवर, साध्या ईथरनेट दुव्यांनी जोडलेले असू शकतात. प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र, फक्त आज्ञा एका ठिकाणाहून येतात. म्हणूनच आदेश स्विच बंद पडला, तरी सदस्य चौकटी पाठवीत राहतात. हरवते ती व्यवस्थापनाची वाट. राखीव आदेश स्विच नेमलेला नसेल व सदस्यास स्वतःचा पत्ताही दिलेला नसेल, तर तंत्रज्ञाला थेट त्या स्विचापाशी जाऊन केबल जोडावी लागते.

एकाच केंद्राकडे अधिकार सोपविण्याचा याहून गंभीर धोका २०१७ मध्ये उघड झाला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये विकिलीक्सने अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचे कागदपत्र प्रसिद्ध केले. त्यांची छाननी करताना सिस्कोला समूहाच्या अंतर्गत संदेशवहनातच एक दोष आढळला. समूहातील स्विच आपापसांत टेलनेट या जुन्या प्रोटोकॉलाद्वारे आज्ञा पोहोचवीत. या कामासाठी राखून ठेवलेले विशेष पर्याय केवळ सदस्यांकडूनच स्वीकारले जाणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात ते कोणत्याही टेलनेट जोडणीवरून स्वीकारले जात. परिणामी परवलीचा शब्द ठाऊक नसलेल्या परक्या माणसालाही स्विचाचा पूर्ण ताबा घेता येई. तीनशेहून अधिक प्रकारच्या उपकरणांत हा दोष होता आणि ज्यांच्यावर समूह कधी जुळविलेलाच नव्हता, असे स्विचही त्यातून सुटले नाहीत. टेलनेट बंद करून एसएसएच हा सांकेतिक लिपीत संदेश पाठविणारा प्रोटोकॉल वापरावा, असा तात्पुरता उपाय सुचविण्यात आला. सुधारित आज्ञावली मे महिन्यात उपलब्ध झाली.

केंद्रीकरणाची पुढील पायरी २००८ मध्ये स्टॅनफर्ड व अन्य विद्यापीठांतील संशोधकांनी मांडलेल्या ओपनफ्लो प्रोटोकॉलात दिसते. समूह-पद्धतीत केंद्राकडे केवळ देखरेख असते. येथे कोणती चौकट कोठे जावी, हा निर्णयही स्वतंत्र नियंत्रक संगणकाकडे जातो. त्यामुळे नियंत्रकाशी संबंध तुटल्यास काय करावे, हे स्विचाला आधीच सांगून ठेवावे लागते : एकतर हाती असलेल्या सूचनांवरच काम चालवावे व नियंत्रकाला विचारण्याजोग्या चौकटी टाकून द्याव्या किंवा साध्या स्विचाप्रमाणे स्वतःच वाट ठरवावी.